आमच्या गावरान भुऱ्यासाठी समुद्रकाठचा तंबू

मंडळी, आज सकाळपासून मी कोकणात सात फोन केले. समुद्राजवळ तंबूत राहायची सोय हवी होती, पण सोबत आमचा कुत्रा भुऱ्या येणार, ही माझी अट होती. मागे मी दोन दिवस हिवरा आश्रमाला गेलो, तेव्हा त्यानं भाकरीला तोंड लावलं नव्हतं. त्याला इथं गावी, देऊळघाटात ठेवून जाणं मला जमणार नाही.

कुंपण, पिण्याचं पाणी, जनावरांचा दवाखाना, सगळे प्रश्न मी वहीत लिहून ठेवले होते. सहाव्या माणसानं कुत्रा चालेल म्हणून सांगितलं. मी फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, "सॉरी, गावठी घेत नाही. बाकीचे पाहुणे घाबरतात."

आम्ही जाणार ती गाडी माझ्या मित्राची, इरफानची. तो म्हणाला, "अबे, नेटवरून लॅब्रेडॉरचा फोटो पाठव ना. तिथं गेल्यावर कोण हाकलते?"

"काऊन पाठवू? माह्या कुत्र्याले मी लपवणार नाही."

मग सातवा फोन लावला आणि आधीच सांगून टाकलं, "ताई, कुत्रा गावरान आहे."

"आमचेही तीन गावठीच आहेत. भांडेल का?"

"पहिल्या दिवशी भांडेल," मी खरं ते सांगितलं.

त्या हसल्या. "मग पहिल्या दिवशी बांधू. या तुम्ही."

जागा ठरली. समुद्र काय फक्त विकत घेतलेल्या कुत्र्यांचा आहे? भुऱ्या जाणार, आणि तिथून फोटोही त्याचाच टाकणार.

फक्त जाणकारांनी एवढं सांगा, तो खारं पाणी प्यायला तर काय करायचं?