टिनाखालचा ओटा

आमच्या पेठेत दर काही वर्षांनी जुन्या रस्त्यावरच सिमेंटचा नवा थर ओततात. रस्ता वर चढतो, घरं खाली जातात. काळ्या दगडांच्या ज्या ओट्यांवर आम्ही तीन पायऱ्या चढून जायचो, तिथे आता एकच उरली आहे. आमची पेठ समिती एवढ्याच गोष्टीसाठी भांडत होती, की आधी जुना थर खोदा, मगच नवा ओता. अध्यक्ष निवृत्त मास्तर, त्यांना सगळे सर म्हणतात. समितीत बाई मी एकटीच, आणि तोंडाळ म्हणून प्रसिद्ध.

अखेर नगरपालिकेचे साहेब कबूल झाले. त्या सकाळी ब्रेकर मशीन वरच्या घरांपासून खोदत आलं. एकेका ओट्याची पुरलेली पायरी बाहेर येत होती आणि बायका तिच्यावर पाणी टाकत होत्या. मी तर हळदकुंकू घेऊनच उभी होते. गल्लीच्या तळाशी, काकूंच्या घराच्या अलीकडे, मशीन थांबलं.

काकू अनसिंग रोडवरच्या आपल्या मळ्यातली भाजी ओट्यावर मांडून विकतात. घर टिनाचं, ओटा मात्र काळ्या दगडांचाच. त्यांच्या ओट्याची शेवटची पायरीही गेलेली. आणखी एक थर पडला की साऱ्या गल्लीचं पाणी थेट त्यांच्या चुलीत.

"काहून थांबले?" काकूंनी विचारलं.

सर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मंजुरी जुन्या घरांपुरतीच आहे. साहेबांनी विचारलं, जुनी कोणती. मी नक्षीच्या दरवाजांची सांगितली."

माझं डोकं फिरलं. "अन् हा टिनाखालचा ओटा काय काल बांधला?"

"जेवढं मिळालं तेवढं पदरात पाडून घ्या."

मागे मिक्सरची गाडी घुरघुरत होती. माल घट्ट होईल म्हणून ड्रायव्हर ओरडत होता.

काकूंनी वाद घातला नाही. टोपल्या उचलल्या, रस्त्याच्या मधोमध मांडल्या, मेथीवर पाणी शिंपडलं आणि बसल्या.

"काकू, ओट्यावर बसा ना," ठेकेदार म्हणाला.

"ओटा तं तुमी रस्त्यात पुरून राह्यले. बसू कुठी?"

गाडी हातभर पुढे आली. मी काकूंचा दंड धरला, त्यांनी तो झटकला. मग मी सरांकडे वळले.

"फोन लावा, सर. नाईतं मी बी इथंच बसीन, अन् माहं तोंड तुमाले मालूम हाये."

सरांनी लावला. भर गल्लीत, सगळ्यांच्या देखत म्हणाले, "साहेब, तळाचं घरही जुनंच आहे. मीच ते वगळलं. टिन पाहिलं, ओटा पाहिला नाही." पलीकडून साहेबांचा चढलेला आवाज आम्हालाही ऐकू येत होता. मानेवरून घाम ओघळत होता. शेवटी साहेब तयार झाले आणि सरांनी ड्रायव्हरला गाडी मागे घ्यायची खूण केली.

ब्रेकर सुरू झाल्यावरच काकू उठल्या. कोथिंबिरीची, आमच्या भाषेत सांबाराची, जुडी त्यांनी सरांच्या हातात ठेवली.

"सांबार घेऊन जा घरी. तुमच्या बाईले सांगजा, सर आज समद्या गल्लीसमोर खरं बोलले."