खंडेनवमीला न पुसलेलं मशीन

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही मात्र वेगळी राहिली. मी तेव्हा नवी मुंबईत रबाळे पोलीस ठाण्यात होतो. दसऱ्याच्या बंदोबस्तातच एका गाळेवाल्याचा फोन आला.

"साहेब, बाजूच्या गाळ्यात एक म्हातारा हाय. फॉरेनवरून लाकूड तासायचं जुनं रंधा मशीन मागवलंय, पण एकदापण चालू केलं नाय. शटर अर्धं पाडून दिवसभर आत बसतो. काल खंडेनवमीला आमी हार घेऊन गेलो, तर मशीनला फडकंसुद्धा लावू दिलं नाय. कायतरी लफडं हाय."

औद्योगिक वसाहतीत खंडेनवमी काय असते हे तिथे काम केलेल्यालाच कळेल. वर्षभर मशीनकडे ढुंकून न पाहणारा मालकही त्या दिवशी ते घासूनपुसून त्याला हळदकुंकू वाहतो. त्यामुळे मलाही संशय आला. जुन्या यंत्रांच्या पोटात सोनं लपवून आणतात, हे आम्ही ऐकून होतोच.

दसरा उरकल्यावर म्हाताऱ्याला ठाण्यात बोलावलं. करंजाड्याला फ्लॅटमध्ये एकटा राहणारा निवृत्त कारकून. बायको आधीच वारलेली. मशीन जर्मनीहून स्वतःसाठी मागवलेलं, एजंटामार्फत कस्टममधून रीतसर सोडवलेलं. त्यासाठी गाळा भाड्याने घेतलेला. सगळी उत्तरं चोख. सुतारकाम येतं का, म्हणून विचारलं, तर नाही म्हणाला. मग मशीन कशाला, या प्रश्नावर मात्र तोंडाला कुलूप. मी आवाज चढवला, समजावून पाहिलं, तरी तो आपला टेबलाकडे बघत बसला. गप्प बसणारा माणूस काहीतरी वाचवत असतो, एवढं मला अनुभवाने ठाऊक होतं.

शेवटी दोन पंच आणि एक मेकॅनिक घेऊन गाळ्यावर गेलो. मेकॅनिकने खालचं झाकण उघडलं. आत सोनं नव्हतं, भुसा होता. पाती नीट दिसावीत म्हणून आमच्या हवालदाराने कोपऱ्यातला झाडू उचलला, तसा म्हातारा मध्ये आडवा आला.

"झाडू नका, साहेब. माझ्या मुलाच्या हातचा भुसा आहे तो."

मग मी मुलाबद्दल एकेक विचारत गेलो, तसा तो बोलू लागला. एकुलता एक मुलगा जर्मनीत फर्निचरच्या कारखान्यात याच मशीनवर काम करत होता. आजारी पडून तिकडेच गेला. अंत्यसंस्कारही तिकडेच झाले, बापाला जाता आलं नाही. पुढे कारखाना बंद पडला आणि मशीनं विकायला निघाली. मुलाच्या मित्राने हे कळवलं. विकताना अशी मशीनं साफ करून पाठवतात. म्हणून म्हाताऱ्याने त्या मित्राकरवी मालकाला विनवणी केली होती, की आतलं काही काढू नका.

परदेशी लाकडाचा भुसा असा आणणं नियमात बसत नव्हतं, त्यात कीड असू शकते. त्याला घेऊन ठाण्यात परतलो आणि संबंधित कार्यालयाला कळवलं. उत्तर येईपर्यंत म्हातारा ठाण्यातल्या बाकावर बसून होता. भुसा जाळा म्हणाले असते, तर त्याला ते कसं सांगावं, हे मला सुचत नव्हतं. सुदैवाने तिथला अधिकारी भला निघाला. धुरी देऊन, डब्यात बंद करून ठेवता येईल, म्हणाला.

मी म्हाताऱ्याला ते सांगितलं. त्याने डोळे पुसले, हात जोडले. तुमची सुटका झाली, आता घरी जा, असं मी म्हणालो. ठाण्यातून सुटलेला माणूस मागे वळून बघत नाही. हा मात्र उठेना.

"तो गेल्यापासून त्याच्याबद्दल पहिल्यांदाच कुणी इतकं विचारलं," तो म्हणाला. "साहेब, अजून काही विचारायचं असेल तर विचारा."

पोलिसाचे प्रश्न माणसाला नकोसे असतात, असं मी नोकरीभर धरून चाललो होतो. एखाद्याच्या वाट्याला तेवढेच प्रश्न उरलेले असतात, हे मला त्या दिवशी कळलं आणि फार वाईट वाटलं. मी दोन चहा सांगितले, जबाबाचे कागद बाजूला सारले आणि त्याला त्याच्या मुलाचं नाव विचारलं.