अनसूयाबाईंना कोण मारणार?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात नाना मिरीकरांना ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि ओळखणाऱ्यांपैकी निम्म्यांना तरी त्यांच्या हातून मरायचं होतं.

तसे नाना अगदी निरुपद्रवी. दिवसा सरकारी दप्तरात जुने मोडी कागद बाळबोधीत उतरवायचे आणि संध्याकाळी खुनाच्या कादंबऱ्या लिहायच्या, एवढाच त्यांचा उद्योग. पाटणकर बाजारातल्या महिपतरावांच्या छापखान्यातून दर पंधरवड्याला कादंबरीचा एक भाग निघायचा. नानांचे खून मुंबई-पुण्याला होत नसत, ते इथल्याच फूलबागेत आणि कंपू मोहल्ल्यात व्हायचे. खुनी इतका वेंधळा, की विषाचा पेढा चुकून स्वतःच खायचा. आणि फौजदार इतका हुशार, की त्या मढ्यालाच बेड्या घालायचा. लोक हसून हसून लोळत. आपल्याच गल्लीत कुणीतरी मेलं की वाचायला जास्त गंमत येते, हे नानांना बरोबर कळलं होतं.

भानगड झाली ती मानसिंगरावांपायी. हे म्हातारे सरदार तेव्हा अंथरुणाला खिळले होते आणि वैद्यांनी हात टेकले होते. नेमकं त्याच सुमारास नानांनी कादंबरीत त्यांच्यासारख्याच गलमिशा असलेल्या एका सरदाराला विष घालून मारलं. मानसिंगरावांच्या इंदूरच्या नातलगांनी तो भाग वाचला, ते खरंच गेले असं समजून गळा काढतच वाड्यावर येऊन थडकले. मानसिंगराव संतापून उठून बसले, त्यांनी मटण मागवलं, आणि महिन्याभरात टांग्यातून हिंडायला लागले. मेल्याची खोटी आवई उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लष्कराने त्या दिवसापासून नानांना धन्वंतरीच्या जागी बसवलं.

मग काय विचारता! ज्याला त्याला मरायची घाई. स्वतः मानसिंगराव तक्रार घेऊन आले, "नाना, जहर काय दिलंत आम्हांला? पुढच्या वेळी तलवारीने मारा. घराण्याची इज्जत आहे काही." शेजारच्या विजयाबाईंना सोवळ्यात मरायचं होतं, आणि एकादशी सोडून. दौलतसिंह नावाचा एक तरुण तर उलटंच मागणं घेऊन आला. "नानासाहेब, हाथ जोडतो, आमच्या काकासाहेबांना बिल्कुल मारू नका. आधीच ब्याऐंशीचे आहेत. आम्ही वाट तरी किती बघायची?"

नाना सगळ्यांना हो म्हणत आणि पाठ वळली की हसत. त्यांचा यातल्या कशावरही विश्वास नव्हता.

अशात त्यांच्या बायकोच्या, अनसूयाबाईंच्या, पोटात गाठ निघाली. कंपूतल्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, दसरा झाला की कापून काढू. पण बाई टेबलावरून उठतीलच असं वचन देता येत नाही. घरी आल्यावर अनसूयाबाईंनी पदर खोचला, भाताला आधण ठेवलं आणि म्हणाल्या, "अहो, मला मारा."

"खुळी की काय तू? थोतांड आहे ते सगळं."

"थोतांड आहे ना? मग मारायला काय बिघडतंय?"

दसऱ्याआधी एकच भाग निघायचा होता. नाना लिहायला बसले.

त्यांनी सुरा घेतलेला दूधवाला स्वयंपाकघरात घुसवला. कादंबरीतल्या अनसूयाबाईंनी त्याच्यापुढे ताकाचा पेला ठेवला, आणि तो सुरा बाजूला ठेवून म्हशीचं दुखणं सांगत बसला. नानांनी तो कागद फाडला आणि दरोडेखोर आणला. तो जेवून गेला. शेवटी विषाचा लाडू केला, तर तो ऐन वेळी मांजराने पळवला; आणि मांजराची दया आली म्हणून नानांनी त्यालाही वाचवलं. आख्ख्या लष्करात या बाईला मारायला कुणाकडे कारणच नव्हतं. असतं, तरी नानांचा हात उचलत नव्हता.

अनसूयाबाई रोज संध्याकाळी कागद वाचत आणि हिरमुसून विचारत, "आजही जिवंतच का मी?"

ही अडचण बाहेर फुटली तशी माणसं मदतीला धावली. मानसिंगराव तलवार घेऊनच आले. "वहिनींसाठी आम्ही करतो खून. खुशाल आमचं नाव घाला." विजयाबाईंनी त्यांना मागे सारलं. "तुम्ही कशाला मध्ये? विष मी देणार. विहिरीवरचं आमचं भांडण सगळ्यांनी ऐकलंय, लोकांना पटेल तरी." बाईंनी जगावं म्हणून सगळे त्यांचा जीव घ्यायला निघाले होते, आणि नाना खालमानेने एकेकाला नाही म्हणत होते.

शेवटी त्यांनी एकच ओळ लिहिली. खुनी नाही, सुरा नाही, फौजदार नाही. 'त्या दिवशी सकाळी अनसूयाबाई गेल्या.' लेखक म्हणून इतकं पडेल वाक्य त्यांनी आयुष्यात लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते छापखान्यात प्रुफं तपासायला गेले. स्वतःच्या अक्षरात ती ओळ कशीबशी सोसली होती. पण छापलेल्या टाइपात ती परक्या कुणीतरी सांगावी तशी समोर आली. नाना मटकन खाली बसले आणि भर बाजारात हुंदके देऊन रडायला लागले. छापखान्यात आलेल्यांनी विचारलं, "काय झालं?" नानांच्या तोंडून एवढंच निघालं, "अनसूया गेली."

महिपतराव ओरडून सांगत होते, अहो, गोष्टीत गेल्यात. ऐकतो कोण? जो तो धावत सुटला. नानांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी तोंड धुतलं, आणि या डोळ्यांनी घरी नको म्हणून फूलबागेला वळसा घालून निघाले.

घराच्या बोळात शिरले तर दारात गर्दी. बांबू भिंतीला टेकवलेले. मानसिंगराव फेटा काढून उभे होते. विजयाबाई पायरीवर बसून ऊर बडवत होत्या. दार नुसतं लोटलेलं होतं, पण नाना येण्याआधी आत पाऊल टाकायचं कुणाला धाडस होत नव्हतं.

ही आवई आपण उठवली, आपल्याच ओळीतून उठली, हे नानांच्या डोक्यातून साफ पुसून गेलं. त्यांना फक्त बांबू दिसले. गेली, खरंच गेली, आणि आपण फूलबागेत फिरत होतो. ते बोळातल्या धुळीतच बसले. "अगं, मी नव्हतं लिहायचं म्हणत गं," म्हणून त्यांनी जो टाहो फोडला, त्याने विजयाबाई स्वतःचं रडणं विसरल्या.

दार उघडलं. झोपमोड झालेल्या अनसूयाबाई बाहेर आल्या. "अगंबाई, कोण गेलं?"

नानांनी वर पाहिलं. "तू," ते म्हणाले.

ऑपरेशन झालं आणि बाई उठल्या. डॉक्टर म्हणत, आमच्या हाताला यश आलं. लष्कर म्हणे, आवईचा गुण. पुढे किती वर्षं हा वाद चालला. कुणी अनसूयाबाईंनाच विचारलं, तर त्या तांदूळ निवडता निवडता सांगत, "कशाचं काय हो! यांना तसं धुळीत बसून रडताना पाहिलं, तेव्हाच कळलं मला. म्हटलं, आता मरायची काही सोय राहिली नाही."