उपाशीपोटी वाढलेलं टार्गेट

सायमनकाका फोन उचलत नव्हते. स्क्रीनवर त्यांची पावलं थांबली होती, नाडी मात्र वाढतच चालली होती. मी नगरच्या ऑफिसात, काका राहुरी तालुक्यातल्या त्यांच्या गावात.

मी हेल्थ कोच आहे. सायमनकाकांसारख्या शुगरच्या पेशंटच्या मनगटावर आम्ही बँड बांधतो. तो पावलं आणि नाडी मोजून आमच्याकडे पाठवतो. त्यावरून कॉम्प्युटर अंदाज बांधतो, की हा माणूस कधी आठवण केली तर उठेल आणि किती चालेल. याला आम्ही मॉडेल म्हणतो. आठवणीचा मेसेज मॉडेलच पाठवतं, खाली नाव माझं असतं.

एरवी काका जागचे हलत नसत. हल्ली मात्र शुक्रवार आला की भरपूर चालायचे. फोनवर विचारलं तर "बरं चाललंय, मॅडम," एवढंच. मला ते खटकत होतं. मॉडेलने मात्र त्यांचं रोजच्या पावलांचं टार्गेट वाढवायला सुचवलं, तेव्हा मी ऑफिसातल्या सरांकडे गेले.

"सर, इतक्यात टार्गेट नको वाढवायला. कारण कळू दे."

"अगं, माणूस सुधारतोय, तुला त्याचंही टेन्शन?" सर हसले. टार्गेट वाढलं.

आज शुक्रवारच होता. शेवटी काकूंना फोन लावला.

"ते व्हय? चर्चमागच्या टेकडीवर गेलेत, क्रूसाची वाट करायला, येशूच्या मरनाची प्रार्थना म्हनत टेकडी चढायची. ईस्टर येईस्तोवर दर शुक्रवारी उपास अस्तो ना आमचा. सकाळपासनं नुसत्या पान्यावर हायेत."

"आणि शुगरची गोळी?"

"घेतली की! तुमीच म्हन्ता ना, गोळी चुकवू नका."

ती गोळी रक्तातली साखर उतरवते. पोट रिकामं, वर चढण. अशाने माणूस बेशुद्ध पडतो, वेळेवर कुणी नसलं तर जातोही.

"काकू, साखर घ्या आणि पळा. फोन बंद करू नका."

चपलांचा आवाज, काकूंची धाप. मला खुर्चीत बसवेना. मग काकू ओरडल्या, "अवो, घामानं चिंब झालेत! फादर धरून बसलेत त्यांना."

मागून काकांचा पुसट आवाज आला. "न्हाई... उपास मोडंल."

"सायमन, तोंड उघड," फादर दरडावले. "उपासाचं मी बघतो."

काकांनी साखर खाल्ली. हळूहळू नाडी उतरायला लागली, तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांसमोर रडले. संध्याकाळी डॉक्टरांनी तपासून त्यांना घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी काकांचाच फोन. "मॅडम, वाट करून खाली उतरलो हुतो. तेवढ्यात तुमचा मेसेज आला, 'शाब्बास, अजून थोडं!' म्हनून परत चढलो. तुमचा शब्द कसा मोडायचा?"

सरांना मी ते जसंच्या तसं सांगितलं. ते हसले नाहीत.

आता टार्गेट वाढवण्याआधी मॉडेल पेशंटला विचारतं, "जेवलात का?" दारात आलेल्या कुणालाही आपण पहिलं हेच विचारतो. आम्ही मात्र थेट चालायला लावत होतो.