समोरच्याने लाइट मारला तेव्हा

आमच्या घरात एक विनोद तीस वर्षं चालला. मुलांच्या आईने एजवेअरला भर रस्त्यात ब्रेक मारला, मागचा येऊन आदळला, आणि तिने गाडी चालवणं सोडलं ते सोडलंच. परवा नातीचं शिकाऊ लायसन्स आलं, तेव्हा जेवताना मुलाने तिला हेच ऐकवलं. वर म्हणाला, आजीसारखी घाबरू नकोस. सगळे हसले. बायकोही हसली, नेहमीसारखी.

"ती घाबरली नव्हती," मी म्हणालो.

मुलगा म्हणाला, "बाबा, जाऊ दे ना, जोक आहे."

मी जाऊ दिलं नाही. हॉस्पिटलच्या नोकरीसाठी आम्ही इथे विलायतेत आलो, तेव्हा नव्या डॉक्टर कुटुंबांना गाडी शिकवणारा मी. पुण्यात स्कूटर, मोटार सगळं चालवलेलं, त्याची घमेंड. बायको पहिल्या फटक्यात टेस्ट पास झाली, तरी मी तिला बजावलं होतं: पुस्तकात काही का असेना, समोरच्याने लाइट मारला की जागच्या जागी थांबायचं, तो घुसणार. पुण्यात तो घुसतोच. इथे लोक लाइट मारतात ते 'या, आधी तुम्ही' म्हणून. हे मलाच ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी दोन्हीकडे गाड्या लावलेल्या अरुंद रस्त्यात समोरचा व्हॅनवाला तिच्यासाठी थांबला आणि त्याने लाइट मारला. ती निघाली होती. माझा धडा आठवून तिने करकचून ब्रेक दाबला. मागच्या गाडीने डिकी चेपली. घरी येऊन तिने मला हे जसंच्या तसं सांगितलं. मी मात्र मित्रांत सांगत सुटलो, घाबरली बिचारी. माझ्याकडे शिकायला येणारे कमी झाले असते ना.

"मग आजीची चूक नव्हती?" नातीने विचारलं.

"नाही. माझी होती."

मुलगा पुन्हा काही बोलणार, तेवढ्यात बायकोने ताट बाजूला सारलं. "अहो, हे तेव्हा बोलला असतात तर मी दुसऱ्या दिवशी गाडी काढली असती. स्टॅनमोरहून मुलांच्या शाळेत रोज दोन बस बदलून गेले मी."

मी माफी मागितली नाही. मागून ती बसची वर्षं परत येणार आहेत का? पण आता या घरात कुणाला तो किस्सा सांगायचाच असेल, तर त्यात गाढव कोण होतं तेही सांगावं लागेल. मी समोर बसलेलो असतो.