बैल बसला तेव्हा

मित्रांनो, आज माझ्या पाच वर्षांच्या मिनूला आरमोरीच्या पशुप्रदर्शनात नेलं होतं.

परीक्षकांपुढून बैल फिरवत होते. उन्हानं दमलेला एक बैल मध्येच खाली बसला. मालक त्याला काठीनं झोडपू लागला. मिनू रडत पुढे धावली. "काका, त्याले काऊन मारून राह्यले?"

मालक हसला. तिच्या हाती काठी देत म्हणाला, "घे, तूच उठव त्याले."

"मार पोरी, मार!" लोक ओरडले.

मी गर्दीतून तिच्यापर्यंत पोचायच्या आत तिनं काठी हाणली. बैल धडपडत उठला. टाळ्या पडल्या. मिनूचं रडणं थांबलं आणि तिनं पुन्हा हाणली.

परतताना बसमध्ये तिनं विचारलं, "बाबा, मी जोरात मारलं ना?"

तुम्ही काय सांगितलं असतं?