जुना मरून, नवा मरून

बायकोची नजर गेली त्या वर्षी आमच्या मुलीला दिवस राहिले. दोन्ही बातम्या एकाच महिन्यात आल्या. साखरेनं डोळ्यांच्या मागचा पडदा खराब केलाय, आता गेलेली नजर परत येणार नाही, असं बिदरच्या डॉक्टरांनी सांगितलं. खटकचिंचोळीला परत येताना बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "लेकराला स्वेटर व्हायला पायजे. टाके हाताला कळतेत. रंग तेवढे तुमी सांगा."

ती मुलींच्या शाळेत शिवणकाम, विणकाम शिकवायची. मी हायस्कुलात गणित. दोघंही निवृत्त झालो होतो. आमच्या भागातली थंडी महिना-दीड महिन्याची, पण त्यासाठी ती वर्षभर विणायची, आणि तीस वर्षांत मी तिच्या हाताकडे नीट पाहिलं नव्हतं. आता पाहायला लागलो, कारण धागा हातात द्यायचं काम माझ्याकडे आलं.

चार ओळी राखाडी, दोन ओळी मरून, असा पट्टा तिनं ठरवला. लोकरीचे दोन गुंडे दोन डब्यांत, राखाडी डाव्या हाताला, मरून उजव्या. पट्टा बदलताना धागा तोडायचा नाही, कडेकडेनं वर न्यायचा, आणि फार ओढायचा नाही, नाही तर कड आखडते. ओळी सम आकड्यात ठेवल्या की दोन्ही धागे एकाच कडेला सापडतात, हे गणित मला लगेच समजलं. खालच्या बॉर्डरमध्ये एक सुलट, एक उलट असा टाका होता. तिथं नव्या रंगाची पहिली ओळ तिनं पूर्ण सुलट घेतली. मी विचारलं, "कामून?"

"उलट टाका घेतला की खालचा रंग ठिपक्यासारखा वर येतो. पोरींना सांगून सांगून थकले होते मी. आता तुमाला."

स्वेटरची पाठ विणून झाली. पुढचा भाग थोडा वर आला आणि मरून संपला. काखेपर्यंत अजून पाच पट्टे व्हायचे होते. मी बिदरला गेलो. तीन दुकानं फिरलो. तो मरून कुठंच नव्हता. एका ठिकाणी जवळचा मिळाला, थोडा काळपट. घेतला.

ती दारातच बसली होती. "तोच मिळाला न्हवं?"

त्या दिवसांत तिला सगळीकडून 'नाही'च ऐकायला मिळत होतं. चष्म्यानं होईल का, नाही. ऑपरेशननं होईल का, नाही. माझ्या तोंडून अजून एक निघेना. म्हणालो, "व्हय. तोच."

तिनं धागा अंगठा आणि बोटामध्ये धरून थोडा वेळ चोळला. मग सुया मागितल्या.

सातव्या महिन्यात मुलगी बाळंतपणाला आली. दुपारी तिनं दोन्ही तुकडे कॉटवर शेजारी ठेवले आणि म्हणाली, "आई, ह्यो मरून वेगळाय की! पाठीला एक अन् पुढं दुसराच. शिवलं तर कडेला जुळायचं न्हाई."

बायको शेंगा सोलत होती. तिनं हात थांबवला नाही.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "जुनी लोकर जाड होती, ही बारीक. त्याच दिवशी हाताला कळालं."

मुलगी माझ्याकडे बघून आत गेली. मी म्हणालो, "मग बोलली कामून न्हाईस?"

"तुमी सांगचाल म्हणून थांबले. दीड महिना थांबले." शेंगांची टरफलं तिनं सुपात सरकवली. "आता तुमच्या डोळ्यानंच बघायलेय न्हवं मी? तुमीच खोटं सांगिटलं तर मला कसं कळावं? लोकर तरी हाताला लागती. बाकीचं?"

मी माफी मागितली नाही. नंतर ती वेळ निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिनंच तोड काढली. पाठीचा वरचा भाग काखेपर्यंत उसवायचा, आणि पुढचा भाग नवा मरून लागला तिथपर्यंत. तिथून निघालेला जुना मरून पुढच्या पाच पट्ट्यांना वापरायचा. मग काखेच्या वर, मागं-पुढं आणि बाह्यांना, सगळीकडे नवा. "दोन्ही बाजूंनी एकाच उंचीवर बदललं की चूक वाटत न्हाई. मुद्दाम केलंय असं वाटतंय." मी उसवत गेलो, ती गुंडाळत गेली.

नात झाली. बाराव्या दिवशी बाळाला अंगडं घातलं, स्वेटर सुयांवरच होता. कारण तोवर बायकोच्या पायांवर सूज आली होती. किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा बिदरला डायलिसिस सुरू झालं. त्यातूनही डायलिसिस नसलेल्या दिवशी तिनं बाह्या विणून काढल्या. शिवण मात्र तिला होईना, बोटं सुन्न पडायला लागली होती.

म्हणून शिवण मी घातली, दवाखान्यात तिच्या खाटेशेजारी बसून. डायलिसिसचं मशीन चालू असताना तिचा डावा हात हलवायचा नसे. ती डोळे मिटून सांगायची, "दोन्ही तुकडे सुलट बाजू वर. कडेचा टाका सोडा. त्याच्या आत दोन टाक्यांच्या मधी आडवा दोरा हाय, शिडीच्या पायरीसारखा. एक पायरी इकडची घ्या, एक तिकडची. पट्ट्याला पट्टा बघत वर जावा." चार-पाच पायऱ्या झाल्या की दोरा हलकेच ओढायचा. दोन्ही कडा एकमेकींत मिटायच्या आणि शिवण नाहीशी व्हायची.

तिथली नर्स एकदा हसून म्हणाली, "क्या जी मास्तर, औरतां का काम कर रहें?" मी मान वर केली नाही. पायरी चुकली असती.

दोन्ही कडा झाल्या. बायकोनं उजव्या हाताचा अंगठा खालपासून काखेपर्यंत फिरवला. त्या बोटांना किती कळलं, कोण जाणे. "बरं हाय," म्हणाली.

एक बाही लागली त्या आठवड्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. हृदयाला आता हे झेपत नाहीये, असं ते म्हणाले. घरच्यांना बोलावून घ्या, म्हणाले. मी थोडा वेळ नळापाशी थांबलो, तोंड धुतलं, आत आलो.

"काय म्हणाले?"

खोटं माझ्या तोंडात तयार होतं. रक्त थोडं कमी आहे, गोळ्या बदलल्यात, असं काहीतरी. मी खाली बसलो आणि म्हणालो, "फार दिवस न्हाईत म्हणालेत."

तिनं चेहरा माझ्याकडे वळवला. मग तिनं विचारलं, "एक बाही ऱ्हायलीय न्हवं?"

"व्हय."

"मग काढा की."

मी काढली. बाहीचा मधला भाग खांद्याच्या शिवणीवर धरायचा, मग तिथून दोन्हीकडे शिवत यायचं, हे तिनं सांगितलं. पण तीन-चार टाक्यांतच तिला झोप लागली. मी ठेवून दिलं.

तिला घरी आणलं, त्यानंतर ती नऊ दिवस होती. त्या नऊ दिवसांत ना मी सुई काढली, ना तिनं विचारलं. दहाव्या सकाळी चहा करून आणला तेव्हा तिचा हात गार होता.

तेराव्यानंतर बाही मी एकट्यानं लावली. खांद्यावर चुण्या पडल्या. उसवली. पुन्हा लावली, पुन्हा पडल्या. पुन्हा उसवायला घेतली तेव्हा मुलीनं माझ्या हातातून सुई काढून घेतली आणि म्हणाली, "अप्पा, ऱ्हाऊ द्या." नात तोवर वाढली होती. थंडीत दोन-तीन वेळा तिला तो स्वेटर तसाच घातला, पण काखेत दाटायचा, ती रडायची.

मुलगी सासरी निघाली तेव्हा मी तिला लोकर आणली त्या दिवसाचं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "मी त्या दुपारी रंगाचं बोललेच नसते तर बरं झालं असतं."

"न्हाई," मी म्हणालो. "ते मी बोलायला पायजे होतं."